खाणीचा रस्ता आणि आपली पाणंद



आपला कर्जत तालुका कमी पावसाचा. वर्षाकाठी वीस-बावीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तोही सारखा पडत नाही. मृगात चार सरी येतात. श्रावण पुष्कळदा कोरडा जातो. मग सप्टेंबरात एका रात्रीत ओढे भरून वाहू लागतात.

पाऊस असा थोडका, तरी पाणंदीत चिखल मात्र गुडघाभर! उसाची ट्रॉली रुतून बसते. दूध डेअरीला वेळेवर पोचत नाही. वस्तीवरचे माणूस आजारी पडले, तर त्याला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. पावसाळ्यात हजेरीपट उघडला की कोणत्या वस्तीची वाट बुडाली आहे, ते आम्हांस बसल्या जागी कळत असे.

लोक म्हणतात, "काळ्या रानात रस्ता टिकायचाच नाही. ती मातीच तशी." हे कितपत खरे आहे, ते आज आपण पाहू. त्यासाठी थोडे लांब जावे लागेल. राज्याच्या पूर्वेच्या टोकाला, चंद्रपुराकडे.

तीच माती, पण शंभर टनांचे ओझे

आपल्या घरात दिवा लागतो. विहिरीवरचा पंप चालतो. ही वीज येते कोठून? महाराष्ट्रातली बरीचशी वीज दगडी कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूरचे वीज केंद्र हे राज्याच्या वीज कंपनीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र. त्याची शक्ती २९२० मेगावॉट आहे.

हा कोळसा मिळतो वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि नागपूरच्या आसपास. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी, उमरेड ही गावे कोळशासाठी प्रसिद्ध आहेत. १९७३ साली देशातल्या बहुतेक कोळसा खाणी सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. १९७५ साली कोल इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचीच एक शाखा म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स. तिचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. विदर्भातल्या बऱ्याच खाणी ही कंपनी चालवते.

काही खाणींत जमिनीखाली बोगदे करून कोळसा काढतात. काही खाणी उघड्या असतात. उघडी खाण म्हणजे एक प्रचंड खड्डा. वरची माती काढायची, मधला दगड सुरुंगाने फोडून काढायचा आणि तळाचा कोळसा उचलायचा. हा सगळा माल डंपर नावाच्या मोठ्या गाड्या वाहून नेतात. मोठा डंपर एका खेपेस साठ टन, कधी शंभर टनही माल उचलतो. आपल्या टायरगाडीत दोन टन ऊस मावतो असे धरा. म्हणजे एका डंपरात पन्नास गाड्यांचा माल झाला! शिवाय डंपरचे स्वतःचे वजन वेगळेच.

आता गंमत पाहा. वर्धेच्या खोऱ्यात कोळशाच्या वर जी माती आहे, ती कोणती? तीच आपली काळी, कपाशीची माती. पाऊस तर तिकडे आपल्या दुपटीहून जास्त. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस इंच. तरी त्या मातीच्या मुलखात शंभर टनांचे डंपर रात्रंदिवस धावतात. आणि आपल्या पाणंदीत दोन टनांची गाडी रुतते!

मग दोष मातीचा की आणखी कशाचा?

काळ्या मातीचा स्वभाव

शेतकऱ्याला काळी माती आम्ही काय शिकवावी? पण रस्त्याच्या नजरेने ती एकदा पाहू.

काळ्या मातीचे कण फार बारीक असतात. ते पाणी पितात आणि फुगतात. पाणी गेले की आकसतात. म्हणून पावसाळ्यात रान फुगून वर येते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला हा गुण चांगला, कारण ओल धरून राहते. रस्त्याला मात्र तो वाईट. रस्त्याखालची माती दरवर्षी वर-खाली होऊ लागली, तर वरची खडी जागेवर कशी राहील?

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात याच काळ्या रानावरून भरलेला ट्रक खुशाल जातो. माती तीच, ट्रक तोच. फरक फक्त पाण्याचा.

ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने जगाला पटवून दिली. त्याचे नाव जॉन मॅकॅडम. तो स्कॉटलंड देशाचा. १८१६ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहराच्या रस्त्यांचे काम त्याच्याकडे आले. त्या काळी लोक समजत की रस्ता मजबूत करायचा, तर तळाशी मोठमोठे धोंडे घातले पाहिजेत. मॅकॅडमने सांगितले की ओझे अखेर खालची मातीच पेलते. ती कोरडी ठेवा, म्हणजे ती वाटेल ते वजन पेलील. त्यासाठी रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच करा आणि वर बारीक फोडलेल्या खडीचे घट्ट छप्पर घाला. सुमारे पावणेदोनशे ग्रॅमपेक्षा जड दगड त्याला रस्त्यात चालत नसे. पुढे त्याच्या नावावरूनच खडीच्या रस्त्याला मॅकॅडम रस्ता म्हणू लागले.

सारांश, रस्ता म्हणजे मातीवर घातलेले छप्पर. छप्पर गळू लागले की घर जाते, तसा रस्ताही जातो.

आधी माती उचलून ठेवावी

खाणीचा रस्ता नीट करायचा, तर पहिले काम दगड टाकण्याचे नसते. पहिले काम वरची काळी माती काढण्याचे असते. ती खरवडून बाजूला एका ठिकाणी साठवतात. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की काळी माती तळाशी राहिली तर ती ओली होऊन निसरडी होते. मग वरचा भराव सरकतो. खाणीत माती-दगडाचे मोठाले ढीग रचतात. त्यांच्या तळाला काळी माती राहिल्यामुळे ढीगच्या ढीग घसरून अपघात होऊ शकतात. म्हणून पाया मुरमावर किंवा कठीण थरावर बसवायचा.

दुसरे कारण आपल्या जास्त जिव्हाळ्याचे आहे. वरची फूट-दीड फूट माती म्हणजे जमिनीचा जीव. तिच्यात कुजलेला पाला असतो, गांडुळे असतात, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. अशी एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती दगडाखाली गाडली की गेली. बाजूला नीट ठेवली, तर काम संपल्यावर परत पसरता येते.

ही माती ठेवण्याचीही रीत आहे. ढीग फार उंच करू नये. उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही आणि मातीतले जीव मरतात. ढिगावरून गाड्या नेऊ नयेत. वर गवत किंवा एखादे द्विदल पेरावे, म्हणजे पावसाने माती वाहून जात नाही.

काळ्या मातीचा थर फारच खोल असेल तर सगळी माती काढणे परवडत नाही. अशा वेळी मातीत चुना मिसळतात. शंभर किलो कोरड्या मातीस तीन ते पाच किलो चुना. चुन्यामुळे मातीचे फुगणे कमी होते आणि ती घट्ट बसते.

थरावर थर

पाया तयार झाला की भराव घालतात. तो एकदम ओतत नाहीत. सुमारे आठ इंचांचा थर घालायचा, तो दाबायचा, मग दुसरा थर. दोन-तीन फूट मुरूम एकदम टाकून वरून रोलर फिरवला, तर वरचा भाग तेवढा दबतो आणि पोट पोकळ राहते. पहिल्या पावसात रस्ता बसतो. लोक म्हणतात, "मुरूमच खराब होता." मुरूम खराब नव्हता, तो दाबलाच नव्हता!

दाबताना ओल बेताची लागते. माती ठणठणीत कोरडी असेल तर कण एकमेकांशी बसत नाहीत. फार ओली असेल तर नुसता चिखल होतो. शहरात याची यंत्राने परीक्षा करतात. आपण हाताने करू शकतो. मूठभर माती घ्या आणि दाबा. गोळा झाला पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. गोळा खांद्याच्या उंचीवरून जमिनीवर टाका. चार-दोन तुकडे झाले तर ओल बरोबर. पीठ झाले तर पाणी मारा. चपटा होऊन बसला तर दोन दिवस थांबा.

वरच्या थराला फोडलेली खडी लागते. नदीतला गोटा चालत नाही. गोटा गुळगुळीत असतो, तो चाकाखालून घरंगळतो. फोडलेल्या खडीला कोपरे असतात. कोपऱ्यात कोपरा अडकून ती घट्ट बसते. खडीच्या फटीत मुरूम घालून, पाणी मारून, रोलर फिरवतात.

हा थर ओझे वाटून देतो. चिखलात पाय टाकला तर रुततो. चिखलावर फळी टाकून उभे राहिले तर रुतत नाही. वजन तेच, पण ते फळीभर पसरले. खडी-मुरमाचा थर म्हणजे ती फळी. ओझे जितके जड, तितकी फळी जाड हवी. गावच्या रस्त्यास फूट-सव्वा फूट थर पुष्कळ होतो. जड डंपरच्या रस्त्यास तीन-चार फूट आणि त्याहून जास्तही लागतो.

भरावात एक वस्तू कधीही घालायची नाही. ती म्हणजे कोळशाचा चुरा आणि कोळसा मिसळलेली काळी पाटी. ती खाणीवर फुकट आणि भरपूर मिळते, म्हणून मोह होतो. पण कोळसा हवेशी मिळून हळूहळू तापतो आणि आपोआप पेटतो. रस्त्याच्या पोटात आग लागली तर वरून दिसतही नाही.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातल्या बायामाणसांनी उन्हात बसून खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. खडीला किती कष्ट पडतात, हे त्या पिढीला सांगायला नको. अशी खडी बिनपायाच्या चिखलात टाकणे म्हणजे त्या कष्टांवर पाणी सोडणे होय.

पाण्याला त्याची वाट द्यावी

आता मुख्य गोष्ट. रस्ता करणारा माणूस अर्धा वेळ दगडाचा विचार करतो. शहाणा असेल तर उरलेला अर्धा वेळ पाण्याचा विचार करतो. पाणी चार बाजूंनी येते. चारही बाजू सांभाळाव्या लागतात.

पहिले, वरून पडणारे पाणी. त्यासाठी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवावा, कासवाच्या पाठीसारखा. मुरमाच्या रस्त्याला चोवीस-पंचवीस फुटांस एक फूट उतार चांगला. म्हणजे बारा फूट रुंद रस्ता असेल तर मध्य कडेपेक्षा तीन इंच उंच हवा. याला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जमिनीलगत दोरी धरा. मध्यावर ती मुरमाला टेकून उचलली जाते की नाही ते पाहा. नाहीतर मध्यावर घागरभर पाणी ओता. ते कडेला पळाले पाहिजे. जागेवर थांबले, तर उद्याचा खड्डा तेथेच पडणार.

चाकोरी पडली की हीच पाठ मोडते. मग पाणी कडेला न जाता चाकोरीतून रस्त्याच्या लांबीने वाहते आणि रस्त्याचाच ओढा होतो. खाणीत यासाठी ग्रेडर नावाचे यंत्र पुन्हापुन्हा फिरवतात आणि पाठ नीट करतात. आपल्याकडे हे काम फावडे आणि चार माणसे करू शकतात. मात्र ते पावसाच्या आधी केले पाहिजे.

दुसरे, कडेचे पाणी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर हवेत. चराचा तळ रस्त्याच्या पायापेक्षा खाली हवा, नाहीतर चरातले पाणी रस्त्याखाली झिरपते. चराला शंभर फुटांस निदान अर्धा फूट उतार हवा. उतार फार असेल तर पाणी चर खोदत जाते. तेथे थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे लहान आडवे अडसर घालावेत. पाण्याचा जोर मोडतो.

तिसरे, वरच्या रानातून येणारे पाणी. रस्ता उताराच्या आडवा गेला की तो बांधासारखा पाणी अडवतो. म्हणून वरच्या बाजूला, रस्त्यापासून थोडे लांब, एक आडवा चर काढतात. रानाचे पाणी तो धरतो आणि ओढ्याकडे नेतो. खाणीच्या खड्ड्याभोवती असा चर माळेसारखा सगळीकडून काढलेला असतो. बाहेरचे पाणी खड्ड्यात येऊच द्यायचे नाही, हा त्यातला हेतू. जे पाणी आत पडेल, ते तळाशी एका कुंडात गोळा करून पंपाने बाहेर काढतात.

चौथे, रस्ता ओलांडणारे पाणी. ओढा, नाला, लहानशी ओघळ यांना रस्त्याखालून मोरी द्यावी लागते. ओढ्याचा तळ जेथे असेल, त्याच पातळीवर मोरीचा नळ बसवावा. नळ वर बसला तर पाणी तुंबते, खाली बसला तर गाळाने भरतो. नळ निदान दोन फूट व्यासाचा असावा, म्हणजे आत साचलेली काटेरी झुडपे आणि गाळ काढता येतो. नळावर दोन फूट भराव हवा, नाहीतर ट्रॉलीच्या ओझ्याने तो फुटतो. नळाच्या तोंडाशी, पाणी पडते त्या जागी, दगड अंथरावेत. नाहीतर पाणी खड्डा खणते आणि मोरी मागून कोसळते.

खाणीच्या रस्त्यावरचे पाणी काळे असते. त्यात कोळशाची भुकटी आणि माती असते. ते सरळ ओढ्यात सोडले तर खालच्या गावाचे पाणी नासते आणि नदीत गाळ भरतो. म्हणून ते आधी मोठ्या टाक्यात नेऊन स्थिर करतात. गाळ तळाशी बसतो, वरचे निवळ पाणी पुढे जाते. टाक्यातला गाळ वरचेवर काढला तरच टाक्याचा उपयोग. टाके भरलेलेच राहिले तर ते असून नसून सारखे.

चढ आणि धूळ

खाणीच्या रस्त्याला आणखी दोन काळज्या असतात.

एक चढाची. भरलेला डंपर खड्ड्यातून वर चढतो आणि रिकामा खाली उतरतो. चढ फार असला तर ब्रेक तापतात आणि गाडी हातची जाते. म्हणून खाणींच्या नियमांत चढाची मर्यादा घातलेली आहे. साधारणपणे सोळा फुटांस एक फूट, याहून जास्त चढ नसावा. रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला मातीदगडाचा भक्कम बांध घालतात, म्हणजे गाडी घसरली तरी खाली कोसळत नाही.

दुसरी धुळीची. पावसाळा संपला की चिखलाची धूळ होते. खाणीच्या वाटेवरच्या गावांची ही जुनी तक्रार. कपाशीचे फुटलेले बोंड काळे पडते. भाकरीवर धूळ बसते. छातीचे विकार वाढतात. उपाय सोपे आहेत, पण रोज करावे लागतात. टँकरने पाणी मारणे, कोळशाच्या गाडीवर ताडपत्री बांधणे, गाडीत बेताचेच भरणे, वेग कमी ठेवणे आणि रस्त्याकडेला झाडांच्या दाट रांगा लावणे. एक दिवस पाणी मारून फोटो काढला, म्हणजे धूळ संपत नाही.

उसनी जमीन परत करावी

कोळसा कधी ना कधी संपतो. मग रस्त्याचे काय?

गावाला उपयोगी असेल तो रस्ता गावासाठी ठेवता येतो. बाकीच्या रस्त्यांची जमीन परत जिवंत करावी लागते. नुसते "पडून राहू दे" म्हणून ती जिवंत होत नाही. ज्या मातीवरून वर्षानुवर्षे डंपर गेले, ती विटेसारखी घट्ट झालेली असते. तिच्यात पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही. पाऊस पडला की सगळे पाणी वाहून खालच्या रानात ओघळी पाडते.

ती परत करण्याचा क्रम असा. आधी वरची खडी आणि दगड उचलून न्यावेत. मोऱ्यांचे नळ काढावेत आणि प्रत्येक ओढ्याला त्याची जुनी वाट मोकळी करून द्यावी. नळ तसेच सोडले तर पुढे ते गाळाने बुजतात. राखणारा कोणी नसतो. मग एखाद्या रात्री पाणी तुंबून भराव फुटतो. त्यानंतर घट्ट झालेली जमीन दोन फूट खोल फाडावी. ट्रॅक्टरचा साधा नांगर तेथे चालत नाही, लोखंडी दाताचे मोठे यंत्र लागते. उताराला आडवे ताल घालावेत. मग साठवलेली माती परत पसरावी. खालची पिवळी माती खाली, वरची काळी माती वर. क्रम उलटा झाला तर मेहनत फुकट. शेवटी आधी गवत आणि द्विदल, मग कडुनिंब, करंज, बांबू, शिसव अशी झाडे लावावीत. आणि दोन-तीन वर्षे राखण करावी. लावलेले झाड मोजू नये, जगलेले झाड मोजावे.

याला पैसा लागतो. खाण संपल्यावर तो द्यायला कोण बसले आहे? म्हणून २००९ साली केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने एक पद्धत घालून दिली. खाण कशी बंद करायची आणि जमीन कशी सुधारायची, याचा आराखडा आधीच करायचा. त्यासाठी खाण चालू असतानाच दरवर्षी बँकेत एका वेगळ्या खात्यात पैसे भरायचे. हे पैसे खाणवाल्याला आपल्या मर्जीने काढता येत नाहीत. कोळसा नियंत्रक नावाच्या सरकारी अधिकाऱ्याची संमती लागते. काम झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

जमीन परत सुधारता येते, याचे एक उदाहरण नागपूर जिल्ह्यात सावनेरला पाहायला मिळते. तेथे खाणीच्या जमिनीवर बाग उभी केली आहे. २०१६ सालापासून लोक ती बाग आणि खाण पाहायला जातात. पण प्रत्येक ठिकाणी असे होतेच असे नाही. जेथे वरची माती आधीच गाडली गेली, तेथे नंतर पैसे ओतूनही ती परत येत नाही.

आपल्या गावापुरते

तुम्ही म्हणाल, आपल्या तालुक्यात कोळसा नाही, डंपर नाहीत. मग हे सगळे कशाला?

खाण नाही, पण दगडाची खडी आपल्याकडे निघते. कालव्याची कामे होतात. तळी खोदली जातात. त्या कामांसाठी कोणाच्या तरी शेतातून कच्चा रस्ता काढतात. ठेकेदार म्हणतो, "काका, चार महिने जागा द्या." काम संपते, तो निघून जातो. शेतात राहतो मुरमाचा घट्ट पट्टा, आणि बांधावरून वळलेले पाणी.

म्हणून जागा देण्याआधी चार प्रश्न विचारा. वरची माती कोठे ठेवणार? रस्त्याने अडलेले पाणी कोणत्या वाटेने जाणार, आणि त्याखाली कोणाचे रान आहे? काम संपल्यावर मुरूम कोण उचलणार आणि जमीन कोण फोडून देणार? ते झाल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही, असे ठरले आहे का? उत्तरे तोंडी घेऊ नका. कागदावर लिहून घ्या, वाचून पाहा आणि मगच सही करा. तुम्ही आता वाचू शकता. त्या विद्येचा उपयोग येथेच आहे.

गावची पाणंद करतानाही हाच विचार ठेवावा. पुष्कळ तंटे रस्त्याचे नसतात, पाण्याचे असतात. वरचा शेतकरी म्हणतो, चर माझ्या बांधाकडून नको. खालचा म्हणतो, मोरीचे पाणी माझ्या रानात नको. मग चरही होत नाही, मोरीही होत नाही. सगळे पाणी पाणंदीत शिरते आणि दोघांच्याही ट्रॉल्या अडकतात! त्यापेक्षा दोघांनी चारचौघांसमक्ष बसून पाण्याची एक वाट ओढ्यापर्यंत ठरवावी. प्रत्येकाची हातभर जमीन जाईल, पण रान वाचेल.

समजुतीने मिटले नाही तर कायदा आहे. शेताच्या बांधावरून वाट मिळवण्यासाठी जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वहिवाटीची वाट कोणी अडवली, किंवा वाहत्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवून कोणाच्या रानाचे नुकसान केले, तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र ही दाद अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. "पाहू पुढल्या वर्षी" म्हणणाऱ्याची मुदत निघून जाते.

तेव्हा काळ्या मातीला नावे ठेवू नका. शंभर टनांचा डंपर पेलणारी जमीन आणि आपल्या गाडीला गिळणारी जमीन एकाच जातीची. एकीच्या अंगावर पाणी थांबू दिले नाही, दुसरीच्या अंगावर थांबू दिले, एवढाच फरक.

यंदा पहिला मोठा पाऊस आला की डोक्यावर पोत्याची खोळ घ्या, हातात फावडे घ्या आणि शेजाऱ्याला हाक मारून पाणंदीवर जा. पाऊस पडत असतानाच जा. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठे जाऊ पाहते, ते तेव्हाच नीट दिसते. तेथे खुणेचा दगड ठेवा. उघडीप झाली की त्या दगडापासून कामाला लागा.